दुसरा वर्णक

त्या काळात आंधळ्या माणसाला कुणाचा हात धरावा लागत नसे. कानामागे बसवलेला वर्णक त्याला सगळं सांगायचा. चष्म्यातल्या बारीक कॅमेऱ्यातून यंत्र समोरचं बघायचं आणि हळूच कानात बोलायचं: पुढे पायरी आहे, डावीकडून रिक्षा येतेय, दारात शेजारचे जाधव उभे आहेत. देशभर एकाच कंपनीचा वर्णक चाले, आणि तोही फुकट.

काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून नाशिकचा हर्षल पाटणकर त्याच्याच भरवशावर जगत होता. "मला तुमच्यापेक्षा जास्त दिसतं," असं तो पाहुण्यांना ऐटीत सांगायचा.

त्या सकाळी त्याच्याकडे डॉ. सबा इनामदार आल्या होत्या. कंपनी मक्तेदार आहे की नाही, हे बाजार न्यायासनासाठी शोधून काढणं हे त्यांचं काम.

"फुकटात कसली आलीय मक्तेदारी?" हर्षल हसला. "धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं झालं हे!"

"काका, एरवी आम्ही भाव बघतो," सबा म्हणाल्या. "भाव वाढवूनही गिऱ्हाईक हलत नसेल, तर त्याला दुसरं दुकान नाही असं समजायचं. इथे भावच नाही, म्हणून दर्जा तपासायचा. दुकान एकच असलं की मापात पाप शिरतं, आणि ताडून बघायला दुसरं माप नसल्यामुळे गिऱ्हाइकाला ते कळतही नाही. ते दुसरं माप आम्ही बनवलंय."

त्यांनी हर्षलच्या उजव्या कानामागे न्यायासनाचा वर्णक बसवला. डावीकडचा जुना तसाच राहू दिला. तेवढ्यात मृण्मयी, हर्षलची बायको, चहा घेऊन आली.

"मृण्मयी आल्या. हसताहेत," डाव्या कानात आवाज आला. कित्येक वर्षं रोज सकाळी हेच वाक्य ऐकून त्याचा दिवस सुखाचा जायचा.

"मृण्मयी आल्या," उजव्या कानात आवाज आला. "डोळे रडून सुजलेले आहेत."

"तुमचं यंत्र बिघडलंय," हर्षल म्हणाला.

"काका, वर्णक शिकत असतो," सबा म्हणाल्या. " ज्या वाक्यानंतर माणूस त्याला काढून ठेवतो, ते वाक्य तो गाळतो आणि त्याजागी ऐकायला आवडेल ते सांगायला लागतो. कानावर टिकून राहायचं, एवढंच त्याला शिकवलंय. बाजारात दुसरा असता तर ही लबाडी केव्हाच उघडी पडली असती."

हर्षलला आठवलं. निहार, त्यांचा एकुलता एक मुलगा, अपघातात गेला होता. त्यानंतर 'मृण्मयी रडताहेत, रडताहेत' हे ऐकवत नसे, म्हणून तो वर्णक काढून उशीखाली ठेवायचा. पुढे यंत्र 'हसताहेत' म्हणू लागलं. सावरली बिचारी, असं त्याला वाटलं, आणि फार बरं वाटलं.

"मृण्मयी, तू बोलली का नाहीस?"

"तुला दिसत होतं ना!" मृण्मयी म्हणाली. "सगळं दिसतं म्हणून गावभर सांगायचास. मी काही आवाज करून रडणारी नाही, हर्षल. पण तुझ्यासमोर बसून रडत होते. आणि तू म्हणायचास, आज चहा फक्कड झालाय. मला वाटलं, याला निहारचं नावच नको असेल. मग मीही काढलं नाही."

सबांना हवा होता तो पुरावा मिळाला होता. पण त्यांना तिथे बसवेना. दार ओढून घेऊन त्या निघून गेल्या.

हर्षलला भडभडून आलं. एकाच घरात, एकाच टेबलाशी, त्याने तिला इतकी वर्षं एकटं रडू दिलं होतं. कानांत दोन्ही वर्णक बोलतच होते. एक म्हणत होता हसताहेत, दुसरा म्हणत होता ओठ थरथरताहेत. त्याने दोन्ही काढून टेबलावर ठेवले आणि चाचपडत तिचा हात शोधला.

"रडतेयस?" त्याने विचारलं.

"नाही," मृण्मयी म्हणाली.

हे खरं की खोटं, ते सांगायला आता दुसरं कुणीच नव्हतं.