आतून दोन टोले

त्या दगडाला पाय लावू नकोस, ह्यू. जरा इकडे सरक. का, ते कळेल.

वेशीचं दार लागलं. आता पहाटेपर्यंत पहाऱ्याला काम काय, तर एकमेकांची तोंडं बघणं. म्हणून थर्स्टन गवंड्याचं सांगतो. ऐकीव नाही. माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस होता तो.

हिवाळ्याच्या तोंडाला येणाऱ्या मार्टिन संताच्या सणाची आदली रात्र. सकाळी राजाची माणसं तट बघायला यायची होती. राजानं पाच वर्षांचं पत्र दिलं होतं : वेशीतून येणाऱ्या मालावर जकात घ्या आणि ती तटालाच लावा. आम्ही घेतली. मीठ, कातडी, मासे... म्हाताऱ्या बायांच्या टोपलीतली अंडीसुद्धा सोडली नाहीत. तटाला लागला चिखल, आणि मेयरच्या घराला आलं दगडी धुराडं.

थर्स्टनचा मेहुणा विमंड, तोही गवंडी, हे आधीच तोंडावर बोलला होता. "मेयरसाहेब, दोन्ही अंगांनी दगड आणि पोटात माती. याच्यापेक्षा कुजका अक्रोड बरा, तो निदान कुणाच्या डोक्यावर पडत नाही."

पुढच्या पावसाळी आठवड्यात तट पडला, तो विमंडच्याच डोक्यावर. उकरलं तर उरलेलाही खाली येईल, असं मेयर म्हणाला. पाद्र्यानं बाहेर उभं राहून प्रार्थना म्हटली, आणि थर्स्टननं समोरचे दगड पुन्हा रचले. विमंड आतच राहिला. शहर म्हणून आम्ही हे केलं, आणि कुणाच्या घशात घास अडकला नाही.

आता खुणेचं ऐका. गवंडी आपल्या दगडावर आपली खूण कोरतो. मजुरी खुणेवर आणि शिक्षाही खुणेवरच; काम खोटं निघालं, तर खूण ज्याची त्याचं घर जप्त. थर्स्टनची खूण बाण. विमंडची फुली आणि खाली आडवी रेघ. पण त्या नव्यानं रचलेल्या एकोणीस दगडांवर खूणच नव्हती. मेयरनं घालू दिली नव्हती. सणाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं थर्स्टनला बोलावलं.

"भिंत फुगलीय. राजाची माणसं विचारणार, कुणी बांधली? सकाळच्या आत विमंडची फुली घाल."

"साहेब, माझ्या बहिणीचं घर जाईल."

"जाईलच. नाहीतर मग तुझा बाण घाल. घर तुलाही आहे."

थर्स्टन छिन्नी घेऊन निघाला. वाट बहिणीच्या दारावरूनच होती. सबीना डुकराचं मांस खारवत बसली होती, हात मिठानं पांढरे झालेले.

"दादा, इतक्या रात्री? आणि अंधारात? थांब, यांचा कंदील ने. पडून तसाच आहे."

त्यानं नेला. नाही म्हणायला तोंड कुठून आणणार?

मठाची मध्यरात्रीची घंटा झाली तेव्हा तो तटापाशी पोचला होता. वारा नव्हता. कंदील ठेवला, पहिल्या दगडावर फुली कोरली, खाली रेघ ओढली.

आतून दोन टोले आले.

ठक... ठक.

तुम्हाला ठाऊक नसेल. दोन गवंडी तटाच्या दोन अंगांना असले की दगड नीट बसल्यावर आतला दोन टोले मारतो. बाहेरचा एक टोला देतो आणि पुढचा दगड घेतो. विमंड आणि थर्स्टननं तेरा वर्षं असंच काम केलं होतं. थर्स्टनच्या हातानं विचार केलाच नाही. सवयीनं एक टोला देऊन टाकला.

मग त्याला कळलं, आपण कुणाला टोला दिला.

पळावं, तर घर जातं. त्यानं दुसरा दगड घेतला. फुली, रेघ.

ठक... ठक.

तिसरा. चौथा. प्रत्येक दगडामागं दोन टोले. घाई नाही, राग नाही. रोजच्या कामासारखे. अठरा झाले.

एकोणिसावा कोरला. थांबला.

काही नाही.

"दाजी...?"

काही नाही...

आणि मग आत छिन्नी चालू लागली. कुणीतरी खूण कोरत होतं. प्रत्येक गवंड्याची खूण कानानं ओळखता येते. थर्स्टन वाट बघत होता फुलीच्या आवाजाची. एक लांब रेघ ऐकू आली. मग दोन आखूड.

फुली नव्हती ती.

तो पळत आला, तो इथंच. मी दार उघडलं. त्यानं जवाची दारू मागितली. हे सगळं त्यानं मला तेव्हाच सांगितलं, आणि मी म्हणालो, बोलू नकोस कुणाला. मीही बोललो नाही.

राजाची माणसं आली. थंडी होती, घोड्यावरून उतरलीसुद्धा नाहीत. लांबून फुल्या बघितल्या, मेयरकडे भाजलेला हंस खाल्ला, आणि आणखी पाच वर्षांची जकात लावून दिली. तिसऱ्या दिवशी सबीनाच्या दाराला जप्तीची मोहर लागली. पोटाशी एक हंडा धरून ती याच वेशीतून बाहेर पडली. थर्स्टन तिथं उभा होता. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"दादा," ती म्हणाली, "तेवढा यांचा कंदील दे."

थर्स्टन पळाला तेव्हा कंदील तटापाशीच राहिला होता. सकाळी कुणीतरी पळवला. थर्स्टननं रिकामे हात पुढं केले. ती गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही.

वसंतात तो तुकडा आपोआप कोसळला. विमंड मिळाला. हाताच्या हाडांत छिन्नी होती, गंजून काडी झालेली. आणि एकोणीसही दगडांच्या आतल्या अंगावर बाण होते. सगळ्यांनी बघितले. थर्स्टननं फक्त एक बघितला, हत्यारं तिथंच टाकली आणि वेशीतून चालता झाला. मेयरनं ते दगड उलटे करून दुसरीकडे लावले. एक मी या चुलीला आणला.

हं, तोच तो, ह्यू. आता बोट फिरव बाणावरून. पांढरी भुकटी लागली ना? दगड आत्ताच कोरल्यासारखी?

बावीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी मी ती ओल्या फडक्यानं पुसतो.

आजही पुसली होती.