नवशिक्यांच्या कॅमेऱ्याची एक उणीव

“कॅमेरा दुरुस्त करायला आलात की त्याला नावं ठेवायला?”

काउंटरपलीकडून त्या दुरुस्तीवाल्याने विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. मासिकासाठी कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहिते मी. नावं ठेवणं हे माझं कामच आहे. या वेळी वाट्याला आला होता नवशिक्यांसाठीचा साधा डीएसएलआर, आणि दुसऱ्याच दिवशी प्रत्येक फोटोत एक काळा ठिपका दिसायला लागला होता.

“सेन्सरवर धूळ आहे.” रबरी फुंकणीने त्याने फुस्स केलं. “भर वाऱ्यात लेन्स बदललीत ना?”

बदलली होती. पण कबूल कोण करतंय!

“अंग प्लॅस्टिकचं,” मी म्हटलं, “सलग पाच-सहा फोटो काढले की धाप लागते, चौकटीतला मधला बिंदू सोडला तर फोकस नुसता चाचपडत बसतो—”

“हलका आहे, बॅटरी दिवसभर पुरते, कमी उजेडातही रुसत नाही... हे कोण लिहिणार?”

तो हसला. गालावर खळी पडली... लेन्स लावून मी कॅमेरा त्याच्यावर रोखला आणि बटण दाबलं. केवळ चाचणी म्हणून, बरं का!

“अजून एक कण राहिलाय,” तो म्हणाला, “उद्या या.” मग रोजच एक कण राहू लागला. फोटोत ठिपका दिसत नव्हता, पण मीही विचारलं नाही.

शनिवारी दादाने माझा लॅपटॉप उघडला. “चारशे बारा फोटो, आणि सगळ्यांत हाच? दुसऱ्याच्या दुकानात स्क्रू पिळणारा? तुला याच्याहून छप्पन्न चांगले मिळतील!”

“परीक्षण करणं माझं काम आहे, दादा. बोलता बोलता गप्प होतो, वेळ पाळत नाही, माझी चूक तोंडावर सांगतो. सगळ्या उणिवा पाठ आहेत मला. तरी हाच हवा.”

“बघतोच त्याला!” दादा तरातरा निघाला. कॅमेरा उचलून मी धावले आणि त्याच्या आधी दुकानात पोहोचले. तो दाराकडे पाठ करून गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला होता. कॅमेरा काउंटरवर ठेवला, मधला बिंदू त्या खळीवर धरला, टायमर लावला. दहा सेकंद.

“अहो, हे काय—”

“हलू नका.” मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. दादा मागे दारात धापा टाकत उभा. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, “माझं तुमच्यावर प्रेम आहे. पाच सेकंद उरलेत, बोला पटकन!”

तो कानापर्यंत लाल झाला. मग दादाच्या देखत त्याने माझा हात घट्ट धरला. “धूळ पहिल्याच दिवशी गेली होती... मीच रोज खोटं बोलत होतो.”

क्लिक.

फोटोत आम्ही दोघं लख्ख आलो. मागे दारातला दादा मात्र पार धूसर, बोट उगारलेला एक ढग नुसता.

परीक्षणात मी तसंच लिहिलं: मधला बिंदू एकदा पकडला की बाकीचे स्पष्ट दिसत नाहीत. संपादकबाईंनी ते उणिवांच्या रकान्यात टाकलं. मी ते तिथून काढून जमेच्या बाजूला नेलं, आणि छापूनही तसंच आणलं.