लाल गाडीचं डावं चाक

छबुबाईनं आल्या आल्या राधाकिशन जोगदंडांचे पायच धरले. "साहेब, माझ्या मालकानं खून न्हाई केला! सिदूनं आजवर मुंगी मारली न्हाई!"

खासगी तपास हा काही अंबाजोगाईत पोट भरणारा धंदा नव्हे; पण राधाकिशन तोच करत आणि पंडित मोटारसायकलवर त्यांना हिंडवत असे. बाईमाणूस रडू लागलं की पंडितला काही सुचत नसे. पाणी द्यावं म्हणून त्यानं माठात डोकावलं, तर माठ कोरडा. टँकर आलाच नव्हता.

हकिकत अशी. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभे राहिलेले मोहनराव वडिलांची जुनी, लाल स्पोर्ट्स गाडी घेऊन घाटनांदूरला निघाले होते. वाटेत मागचं डावं चाक निखळलं, गाडी पुलाखाली गेली आणि मोहनराव जागीच संपले. आदल्याच दिवशी सिदूनं मागच्या दोन्ही चाकांना स्पेसर बसवले होते. स्पेसर म्हणजे चाक बाहेर यावं, गाडी रुंद, ऐटबाज दिसावी म्हणून चाकामागे घालायची जाड चकती. दुष्काळात ऊस वाळला, कारखाना बंद पडला, तिथला फिटर सिदू घरी बसला आणि भर सभेत मोहनरावांना नको ते बोलला. पोलिसांना आणखी काय हवं?

मोहनरावांच्या आई रुक्मिणीबाई ओसरीवर बसल्या होत्या.

"मोहनची कुठलीच नवी वस्तू माझ्या पूजेबिगर वापरात आली न्हाई. पहिल्या चकतीला हळदकुंकू, अक्षता वाहून मगच त्या मेल्याच्या हातात दिली, साहेब! त्याला फासावर चढवा."

मोहनरावांविरुद्ध उभा असलेला चुलतभाऊ सुंदरराव दारातच भेटला. "माझ्याकडं बघू नका. गाडी रातभर कुलपात व्हती, किल्ली काकूच्या कमरेला."

कोठडीत सिदू मान खाली घालून बोलला. "बोल्ट लांब घातले, नट पुऱ्या आट्यांवर बसवले. थोडी चालवून परत आणा, पुन्हा आवळतो, म्हनलो व्हतो. मालकांना घाई."

"मग चाक कशानं निघालं?" राधाकिशननी विचारलं.

"मला न्हाई सांगता येत."

"ह्याला काही माहीत नाही," बाहेर पडताना पंडित म्हणाला.

"माहीत नाही असं तो कुठं म्हणाला?"

ठाण्याच्या आवारात गाडी पडली होती. उजवं चाक घट्ट. डाव्या बाजूचे बोल्ट शाबूत, एकही तुटलेला नाही. चकतीच्या आतल्या अंगाला तांबडे डाग आणि पांढरे, चेपलेले ठिपके.

"गंज अन् चुना," पंडितनं निकाल दिला.

"ॲल्युमिनियमला तांबडा गंज, लेका?" राधाकिशन नखानं ठिपका खरवडत राहिले. मग त्यांचा चेहराच उतरला.

संध्याकाळी फौजदार सिदूला घेऊन ओसरीवर आले. राधाकिशन पायरीशीच थांबले. सांगावं तर ही आई मोडणार, न सांगावं तर सिदू आत सडणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी. साहेबांनी आयुष्यात एकदा तरी चुकावं, असं पंडितला मनापासून वाटलं.

"खून झालेलाच नाही," राधाकिशन म्हणाले. "गाडी कुलपात होती, म्हणजे नट कुणी ढिले केले नाहीत. बोल्ट शाबूत, म्हणजे माल कच्चा नव्हता. पण चकती धातूला धातू भिडून बसावी लागते. मधे कणही चालत नाही. डाव्या चकतीमागे ओल्या कुंकवात चिकटलेले तांदूळ होते. ते चेपलेत, म्हणजे नट घट्ट आवळले होते; पण आवळले ते तांदळावर. गाडी पळाली, तांदळाचं पीठ झालं, फट पडली, नट आपसूक सुटत गेले. उजवी चकती कोरी होती, म्हणून ते चाक टिकलं."

रुक्मिणीबाईंनी सिदूकडे पाहिलं.

"तुला ठावं व्हतं?"

"ठाण्यात चाक बघितलं तवा कळलं, अक्का."

"पुसून का न्हाई टाकलंस रे आधीच?"

"मायनं लेकासाठी वाहिलेलं. हात न्हाई धजला."

"अन् नंतर बोलला का न्हाईस?"

सिदूनं नुसते हात जोडले. फौजदारांनी त्याची बेडी काढली. छबुबाई कोपऱ्यात उभी होती, तिलाही आनंद करता येईना.

रुक्मिणीबाई म्हणाल्या, "गुन्हेगार तूच ऱ्हायला पायजे व्हतास रे सिदू. आता मी कुणाला शिव्या देऊ?"