अकरा नंबरचा बिल्ला

फेअर्लीच्या स्की क्लबात हिवाळी सहलीचा डोंगर ठरवायचं काम चिटणिसाचं, आणि चिटणीस होती नोलीन स्ट्रॅकन. जुलै, म्हणजे तिकडचा हिवाळा, लागला की तिनं चौदा घरी फोन करून कौल घ्यायचा, आणि ज्याच्या मनासारखं झालं नाही त्याचे टोमणे वर्षभर ऐकायचे. गेली नऊ वर्षं पर्याय दोनच असत, स्टोनी सॅडल नाहीतर पॉवेल बेसिन. ब्लॅक टार्नचं नाव कुणी काढत नसे. तिथेच नोलीनचा नवरा लॅकलन जीवानिशी गेला होता.

यंदा मात्र त्या दोन्ही डोंगरांवर गवत दिसत होतं. बर्फ होता तो फक्त ब्लॅक टार्नला.

"अगं, मी कालच सांगितलं की, ब्लॅक टार्न!" बेव्ह हॉर्न फोनवर म्हणाली. "क्लबातल्या कुणाचा तरी फोन आला होता. मला वाटलं, तूच एखाद्याला कामाला लावलंयस."

"कोण होतं?"

"नाव नाही सांगितलं बाई. मागे वारा एवढा, की मला ओरडून बोलावं लागलं. आणि शेवटी काय विचारावं? 'अकरा नंबरचा बिल्ला तू काढलास का?' मी म्हटलं, बाबा रे, मी माझा सोडून कुणाच्या बिल्ल्याला हात लावत नाही."

अकरा नंबर लॅकलनचा होता.

डोंगरावर जाताना पायथ्याच्या झोपडीतल्या फळीवर आपला पितळी बिल्ला टांगायचा आणि खाली आलं की काढायचा, ही तिथली जुनी रीत. चार वाजता फळी रिकामी, म्हणजे सगळे सुखरूप. एखादा उरला तर सगळ्यांनी पुन्हा वर जाऊन शोधायचं. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, हे पोरांनाही ठाऊक असतं.

नोलीननं लावला होता, नऊ वर्षांपूर्वी. घरी जायची घाई होती, लॅकलन गाडीशी असेल असं धरून तिनं स्वतःच्या बिल्ल्याबरोबर त्याचाही खिशात टाकला. गाडीशी तो नव्हता. गेला असेल मेंढरंवाल्या डेसच्या गाडीतून, असं म्हणत ती घरी आली. शोध सुरू झाला तेव्हा वर हातभर नवा बर्फ पडला होता. लॅकलन ऑक्टोबरात, बर्फ वितळल्यावर सापडला. बिल्ला काढून पुन्हा वर गेला असणार, लोक म्हणाले, आणि तिनं त्यांना म्हणू दिलं. तो बिल्ला तिच्या शिवणाच्या डब्यात तळाशी होता.

"मलाही तेच विचारलं," डेस फोनवर म्हणाला. "मी म्हटलं, नाही बुवा. तर म्हणतो, बरं, पुढच्याला विचारतो. आवाज ओळखीचा वाटला, नोलीन. पण कुणाचा ते नाही सांगत. तू वेड्यात काढशील मला."

चौदाही घरी तो फोन जाऊन आला होता. चौदाही जणांनी नाही म्हटलं होतं. चोराच्या मनात चांदणं. नोलीन दोन दिवस फोनपाशी बसून राहिली. तो वाजला नाही. याचीच तिला जास्त भीती वाटली. विचारायची गरजच उरली नव्हती.

सहलीच्या दिवशी ब्लॅक टार्नला ती सगळ्यांच्या आधी पोचली. तिथली राखणदार मेरेआना याच हंगामात आलेली, तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. नोलीननं स्वतःचा बिल्ला टांगला आणि शेजारच्या खुंटीवर अकरा नंबरचा. तिला रडू आलं. एवढंच तिच्या हातात होतं.

चार वाजता सगळे खाली आले, आपापले बिल्ले काढून सूपच्या मगांभोवती जमले.

"अकरा राहिलाय," मेरेआना म्हणाली. "कुणाचा?"

डेसनं हातातला मग खाली ठेवला. बेव्ह नोलीनकडे बघत राहिली.

"त्या दिवशी मी काढला होता," नोलीन म्हणाली. "त्यानं नाही. मी."

मग बेव्हनं ओले हातमोजे पुन्हा चढवले. डेसनं बूट आवळले. एकेक करत सगळे बाहेर पडले, सर्वांत पुढे मेरेआना. रीत ती रीत. नोलीनला वायरलेसपाशी बसवून गेले.

बाहेर धुकं उतरत होतं. वरून हाका येत होत्या, लॅकलनच्या नावानं. मग त्या थांबल्या.

वायरलेस खरखरला.

"सापडला, नोलीन!" मेरेआनाचा आवाज हसरा होता. "आपल्या पायांनी येतोय."

नोलीननं खिडकीतून धुक्याकडे पाहिलं.

"बाकीचे मागे का सरकतायत, कळत नाही. तो विचारतोय, ती आहे ना अजून खाली?"

वारा. बराच वेळ नुसता वारा.

"थंडी वाजतेय का, विचारलं मी. म्हणतो, पहिल्याच रात्री वाजायची थांबली."