यादीतून वगळलेलं मशीन

त्याची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्याचं मशीन बंद करत असताना. संध्याकाळचे सहा बावीस झाले होते. मी माझ्या खोलीत स्टुलावर पाय ठेवून बसले होते आणि दारात एक उंच माणूस धापा टाकत उभा राहिला. एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दुसरी खाली लोंबणारी.

"ते... पडद्यावर आठ मिनिटं राहिली म्हणतंय," तो म्हणाला. "थांबवता येईल का?"

"नाही," मी म्हणाले.

हे आमचं पहिलं बोलणं. प्रेमाची सुरुवात म्हणून चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण घडलं ते असं.

आमच्या कचेरीत बेचाळीस कॉम्प्युटर होते, सगळे एकाच नेटवर्कवर, आणि सगळ्यांच्या चाव्या माझ्या खोलीत. चाव्या म्हणजे एक यादी. रोज सहा वीसला मी यादीतल्या सगळ्या मशीन्सना एकदम हुकूम सोडायची. प्रत्येकाच्या पडद्यावर पाटी यायची : दहा मिनिटांत मशीन बंद होईल, काम सेव्ह करा. सहा तीसला मग कोणाचं काही उघडं असो, अर्धवट असो, सगळं गप्प. हॉलमधली घरघर ओळीओळीने थांबत जायची आणि शेवटी फक्त खुर्च्या सरकल्याचे आवाज उरायचे. लोक मला 'बंदवाली' म्हणायचे. तोंडावर नाही, पण आमच्याकडच्या भिंती पातळ होत्या.

नियम मोठ्या साहेबांचा होता. आदल्या वर्षी कोणाचं तरी मशीन रात्रभर चालू राहून तापलं होतं. टेबल जळालं आणि शेजारचं नकाशांचं अर्धं कपाटही गेलं. तेव्हापासून साडेसहानंतर एकही मशीन चालू ठेवायचं नाही, कोणासाठीही नाही, असा कागद साहेबांच्या सहीने भिंतीवर लागला होता.

आणि मी नियम मोडणाऱ्यांपैकी नव्हते. मला परवडणारच नव्हतं. माझी नोकरी वर्षभराच्या बोलीवर होती. वर्षअखेरीला कायम झाल्याचं पत्र मिळालं तर मी इथे राहणार, नाही मिळालं तर गावी परत जाऊन मामाच्या दुकानात बसणार, असं बाबांशी ठरलं होतं. मामाच्या दुकानात खिळे आणि बिजागऱ्या मिळतात. बिजागऱ्यांशी माझं काही वैर नाही, पण जन्म त्यांच्यात काढायची इच्छाही नव्हती.

तर, तो. तो नकाशे काढायचा. आमची कचेरीच त्या कामाची : जमिनीचे चढउतार मोजायचे आणि पूर आला तर पाणी कुठल्या गल्लीत साचेल ते आधी सांगायचं. त्याचं गणित मशीनवर तासन् तास चालतं. दिवसभरात पुरं होत नाही, आणि साडेसहाला मी त्याचा गळा दाबायची.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्या दिवशीही.

"रोज सगळ्यांना बंद करता. वाईट नाही वाटत?"

"सवय झाली."

"पाणी साडेसहाला थांबत नाही हो."

"पाण्याचं मशीन माझ्या यादीत नाही," मी म्हणाले, आणि तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटतो. हे मी का लक्षात ठेवलं ते मला तेव्हा कळलं नाही. आठवड्याभराने कळलं आणि मी स्वतःवरच चिडले.

चिडून मी काय केलं, तर यादी उघडली आणि क-७ ही ओळ खोडली. क-७ म्हणजे त्याचं मशीन. खोडायला अर्धा सेकंद लागला. मग पाच मिनिटं मी पडद्याकडे नुसती बघत बसले.  साहेबांना कळलं असतं तर माझं पत्र तिथेच फाटलं असतं.

त्याला मी कोरड्या आवाजात सांगितलं की उद्यापासून तुमचं मशीन चालू राहील, कोणाजवळ बोलू नका.  दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर एक कागद ठेवून गेला. आमच्या मजल्याचा नकाशा होता, त्याच्या टेबलापासून माझ्या दारापर्यंत, बारीक रेघांनी चढउतार दाखवलेले.

"फरशी मोजली मी," तो संध्याकाळी म्हणाला. "सगळा उतार तुमच्या दाराकडे आहे. हॉलमध्ये कुठेही पाणी ओतलं तरी... इथेच येऊन थांबतं."

मी म्हणाले, गवंड्याची चूक असेल. पण कागद मी घरी नेला.

आता त्याचं मशीन बंद होत नव्हतं, म्हणजे सहा वीसला त्याने येण्याचं काही कारण उरलं नव्हतं. तरी तो यायचा. कशाला आलात विचारलं तर म्हणायचा, पाणी प्यायला. पाण्याचा फिल्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथून भरलेला ग्लास घेऊन तो माझ्या दारात येऊन प्यायचा, घोट घोट, दहा मिनिटं पुरवून. असे तीन महिने गेले. कधीतरी बोलता बोलता तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवून स्वतःही आले. मला तो आवडत होता. फार आवडत होता. पण आधी पत्र, मग बाकीचं, असं मी स्वतःला बजावलं होतं.

पत्राचा दिवस शुक्रवार होता. त्याच शुक्रवारी त्याच्या सगळ्यात मोठ्या नकाशाचाही दिवस होता, नदीकाठच्या वस्तीचा. दोन वर्षं तो त्यावर राबला होता. बाहेरून इंजिनियर बघायला येणार होते. शेवटचं गणित त्याने गुरुवारी सकाळी दहाला लावलं. वीस तास लागणार होते, शुक्रवारी कचेरी उघडेपर्यंत तयार.

गुरुवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा ग्लास घेऊन आला, खांद्याला पिशवी. मी यादी उघडली, बटण दाबलं. तो माझ्या खुर्चीमागे वाकून बघत होता. त्याच्या शर्टाला पेन्सिलीच्या भुश्शाचा वास येत होता आणि माझं लक्ष कशातच नव्हतं.

"उद्या तुझं पत्र मिळालं," तो म्हणाला, "की एक विचारायचंय."

"आत्ता विचार."

"नको... आधी तू इथे राहतेस की जातेस ते कळू दे."

हॉलमधली घरघर थांबली. त्याने ग्लास विसळला आणि आम्ही बरोबर जिना उतरलो.

शुक्रवारी नऊ वाजता तो माझ्या दारात आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. मशीन बंद होतं, म्हणाला. गणित गेलं. सगळं.

शक्यच नाही, म्हणत मी हॉलमध्ये गेले. क-७ चालूच होतं, रात्रभर चालून चांगलं गरम झालेलं. पण त्याच्यासमोर बसल्या होत्या पत्रव्यवहार बघणाऱ्या काकू.

काकूंची मान धरली होती. त्यांच्या टेबलावर एसीचा झोत थेट यायचा, म्हणून गुरुवारी सकाळी त्यांनी त्याला विचारलं होतं, बाळा, जागा बदलतोस का. तो बदलणारच. आमच्याकडे कोणीही कुठल्याही मशीनवर आपलं नाव टाकून काम करू शकतं, त्यामुळे त्याने काकूंच्या क-१९ वर गणित लावलं आणि विषय संपला. क-१९ माझ्या यादीत होतं. तो माझ्या मागे उभा राहून पाणी पीत असताना मी त्याचं दोन वर्षांचं काम माझ्या हाताने बंद केलं होतं.

"मला वाटलं, यादीत माझं नाव सोडलंयस," तो म्हणाला.

"यादीत माणसं नसतात रे. मशीन असतात."

जागा बदलल्याचं त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. तीन महिने रोज दहा मिनिटं आम्ही जगातल्या सगळ्या गोष्टी बोललो होतो. 

अकरा वाजता साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर एक निळा फोल्डर होता, त्यात माझं पत्र. सगळ्यांसमोर द्यायची त्यांची पद्धत. पण आधी त्यांनी नकाशाचं विचारलं.

तो उभा राहिला आणि म्हणाला की नकाशा झालेला नाही, काल जाताना घाईत आपल्याच हातून मशीन बंद झालं.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने बघितलं नाही.

साहेब आवाज चढवत नाहीत. ते शांतपणे म्हणाले की दोन वर्षांच्या कामाची एवढी काळजी असेल तर हा नकाशा दुसऱ्या कोणाकडे दिलेला बरा, आणि त्यांनी फोल्डर जवळ ओढला. आता माझी पाळी होती. मी गप्प बसले असते तर दोन मिनिटांत माझं पत्र माझ्या हातात असतं. त्याने खोटं बोलून ते माझ्यासाठी वाचवलं होतं. बिजागऱ्या डोळ्यांसमोर आल्या, खरं सांगते. सगळ्या मापांच्या.

"साहेब," मी म्हणाले, "त्यांनी नाही बंद केलं. मी केलं."

आणि मी सगळं सांगितलं. क-७ तीन महिने यादीतून वगळल्याचं, जागा बदलल्याचं, सगळं. माझा आवाज मशीनचे नंबर वाचताना असतो तसाच होता. दुसरा आवाज तेव्हा निघालाच नसता.

साहेबांनी चष्मा काढला. "का वगळलंत?"

"त्यांचं गणित रात्रभर चालतं."

"मी वार्षिक भाषण लिहीत होतो तेव्हा तुम्ही माझं मशीन बंद केलंत. मी दोनदा फोन केला होता. मग यांचंच का?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. खोलीत एकेचाळीस माणसं होती.

"कारण मला ते आवडतात," मी म्हणाले.

काकू 'अगंबाई' म्हणाल्या. तो परत उभा राहिला आणि काहीच्या काही बोलू लागला, की तरी साहेब, बोट माझंच पडलं असणार. साहेब म्हणाले, "तुम्ही बसा. तुम्ही दोघांनी मिळून एक मशीन तीन वेळा बंद केलंत." मग त्यांनी इंजिनियरांना सोमवारी यायला कळवलं, नकाशा त्याच्याकडेच ठेवला, गणितापुरतं एक मशीन रखवालदाराच्या डोळ्यांसमोर चालू ठेवायची लेखी परवानगी दिली, आणि माझं पत्र फोल्डरसकट खणात टाकलं. तोवर आहे तसंच काम करा, तीन महिन्यांनी बघू, म्हणाले. मला ते अन्यायाचं वाटलं नाही. नियम मी मोडला होता.

जिन्यात तो मला गाठून म्हणाला, "कशाला बोललीस? हातात आलेलं घालवलंस."

"तू कशाला खोटं बोललास?"

"तू जाऊ नयेस म्हणून." त्याने कठडा घट्ट धरला होता. "काल तेच विचारणार होतो... पत्र मिळो, न मिळो. राहशील का? माझ्यासाठी?"

 मी पर्समधून फोन काढला आणि त्याच्यासमोरच बाबांना लावला. पत्र मिळालं नाही, असं सांगितलं.  बाबा म्हणाले, बरं, मामाला सांगतो, सोमवारी गाडीला बस.

"मी येत नाही, बाबा."

"का?"

"इथे एक जण आहे. मला त्याच्याबरोबर राहायचंय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "काय करतो?"

"नकाशे काढतो. पाणी कुठे साचेल ते सांगतो."

"बरोबर सांगतो का?"

"आत्ता एक हुकलाय. माझ्यामुळे."

  तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला निम्मंच ऐकू येत होतं.

"मग अर्ध्यावर सोडून कशी येतेस?" बाबा म्हणाले. "थांब तिथेच. त्याचं काम पुरं होऊ दे. मग त्याला म्हणावं, मला फोन कर."

मी फोन ठेवला आणि डोळे पुसले.

"काय म्हणाले?"

"थांब म्हणाले. आणि नकाशा झाला की तू त्यांना फोन करायचास."

"नकाशा सोमवारी होईल," तो म्हणाला. "नंबर आत्ताच दे."