करकोचे उठले की

गोफणीचा दगड करकोच्यांना लागलाच नाही. तो गेला बांधाआड बसलेल्या एका लाल पागोट्याच्या कानाजवळून.

“आवं बाई, पाखरं तिकडं हायेत!” पागोटं ताडकन उठलं. “माझ्याबिगर कोन घावलं न्हाई व्हय?”

विजयमाला ओशाळली, पण कबूल करील तर शपथ! “आमच्या हरभऱ्यात चोरावानी कशाला बसलायसा?”

“करकोचे मोजतोय. एकशे चौदा झालं हुतं... तुमी दगड मारला नि सगळं उडालं.”

तिला हसू फुटलं, आणि तिथंच घोळ झाला.

चौऱ्याहत्तर सालचा तो जानेवारी. आष्ट्याजवळच्या कृष्णाकाठी तिच्या वडिलांच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. दुष्काळी पूर्वेकडून आलेल्या त्या कळपाबरोबर धनगर बिराप्पा होता, आणि त्याचा हा लेक सिद्धू. कोयनेचं पाणी सुटलं की दुपारी नदी चढायची, रात्रीत उतरायची. सकाळी उघड्या पडलेल्या वाळूवर करकोचे बसायचे, आणि ही दोघं धुक्यातून काठाकाठानं हिंडायची. पिकाची राखण हे तिला आयतंच निमित्त होतं.

“डोळ्यामागं पांढरा तुरा दिसतोय? जोडी हाय ती. एक चरतंय, दुसरं मान वर करून राखन करतंय.”

“मग राखणाऱ्यानं खायचं कवा?”

“दुसऱ्याचं पोट भरल्याव.”

“... माझ्याकडं काय बघतोस?”

“राखन करतोय.”

तिचे कान तापले. असं तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

मग एका सकाळी तो खाली बघत म्हणाला, “करकोचे उठले की त्याच दिवशी आमचा तळ उठतो. आज्यापासनं चालत आलंय. विजू... येशील माझ्यासंगं?”

शंभर एकर उसाच्या घरातली पोर मेंढरांमागं जाणार! बाप जिवंत सोडणार नाही, हे तिला पुरतं माहीत होतं. तरी ‘न्हाई’ म्हणायला जीभ वळेना. “करकोचे हायेत तवर येळ हाय की... सांगते.”

त्या दिवसापासून तिनं गोफण फिरवलीच नाही. खाऊ दे, राहू दे. पाखरं राहिली तर तो राहील, एवढाच वेडा हिशेब. हरभरा ओरबाडला जात होता आणि ती बांधावर बसून धीर गोळा करत होती.

तिचा भाऊ लालासाहेब फौजेतून रजेवर आला आणि रान बघून खवळला. “झोपा काढतीस व्हय गं रानात?” दुसऱ्या दिवशी पहाटे घरची ठासणीची बंदूक घेऊन तो स्वतःच गेला.

भाकरी थापताना तिनं तीन बार ऐकले. मग छपरावरून करकोच्यांचा कलकलाट गेला, लांब लांब गेला... आणि थांबला. ती उठली तशी आईनं दटावलं, “रानात गडी खोळंबल्यात. भाकरी कोन करनार?” चाळीस भाकरी! तिच्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं. जायचं, त्याच्याबरोबर जायचं, हे तिचं त्या चुलीपुढं ठरलं.

ती पळत नदीवर आली तेव्हा दुपार झाली होती. तळावर राख होती, कोमट. कळप सकाळी पाणी उथळ होतं तोवर पलीकडे गेला होता आणि आता मध्ये दोन पुरुष पाणी चढलं होतं. पैलतीरावर, चढाला, सगळ्यांच्या मागं रेंगाळलेलं लाल पागोटं दिसलं.

“सिद्धूऽऽ! थांब... येते मी!”

पाण्याच्या आवाजात हाक बुडाली. तिनं कमरेची गोफण सोडली आणि डोक्यावर गरागरा फिरवली. त्याची नजर वळावी, एवढ्यासाठीच.

तो वळला. बघत उभा राहिला... बराच वेळ. गोफण का फिरवतात, ते त्याला माहीत होतं. पाखरं हाकलायला.

त्यानं हळूच मान डोलावली, घोंगडं खांद्यावर घेतलं आणि चढ चढून दिसेनासा झाला.

तिचा हात मात्र थांबेना. ती रडत रडत गोफण फिरवतच राहिली.