बिनगाठीचा दोरा

झुआने पाकूच्या अंगातली झोपायची पिशवी काढली ती जवळजवळ ओरबाडूनच. पोर अर्धवट झोपेत होती, तिचा हात खांद्याच्या बंदात अडकला, ती किंचाळली, तरी झुआ थांबली नाही. पिशवी तिने मक्याच्या टोपल्यांमागे भिरकावून दिली आणि उघड्या पोरीला छातीशी कवटाळून ती सासूसमोर उभी राहिली. नुकतेच उजाडत होते, बाहेर दगडी कुंपणावर दहिवर गोठून पांढरे झाले होते.

"आई, हे कापड कुठलं?"

ब्लिया म्हातारी चुलीत लाकूड सारत होती. तिने वर पाहिले, नातीकडे पाहिले आणि पुन्हा चुलीकडे तोंड फिरवले. "आधी पोरीच्या अंगात काहीतरी घाल," एवढेच ती म्हणाली.

"तुमच्या पेटीतलं आहे ना? खरं सांगा."

म्हातारीने चुलीत आणखी एक लाकूड सारले… आणि तेच झुआला कबुलीसारखे वाटले.

डोंग व्हानच्या डोंगराळ मुलुखात वरच्या अंगाला, आमच्या ह्मोंग जमातीच्या वस्त्यांत, प्रत्येक म्हातारीच्या पलंगाखाली एक लाकडी पेटी असते. तिच्यात तिचे शेवटच्या प्रवासाचे कपडे असतात, तिने स्वतः विणलेल्या वाखाचे. भांगेच्या जातीची ती उंच रोपे पेरायची, साल सोलायची, धागा धाग्याला जोडत वळायचा, राखेत उकळायचा, मग मागावर घालायचा, असे वर्षभराचे ते काम. आजकालच्या पोरी बाजारातले झगझगीत नायलॉनचे घागरे घालतात, घालोत बापड्या. पण त्या दिवशी मात्र वाखच लागतो. अंगावर वाख नसला तर पलीकडचे पूर्वज माणसाला आपले म्हणून ओळखत नाहीत आणि दारातून परत फिरवतात, असे आम्ही मानतो. ब्लियाने आपले कापड नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी विणले होते. त्याच्या काठाला निळीच्या दोन बारीक रेघा होत्या. त्या तिच्या माहेरच्या खुणेच्या. दुसऱ्या कोणाच्या कापडाला तशा नव्हत्या.

त्या दोन रेघा झुआने याआधी एकदाच जवळून पाहिल्या होत्या. तीन हिवाळ्यांपूर्वी तिचा पहिला मुलगा चाळीस दिवसांचा असताना थंडी छातीत भरून दोन दिवसांत गेला. ब्लियाने पेटी उघडून हातभर कापड फाडले आणि इवलासा सदरा शिवायला घेतला. एक बाही मी शिवते, असे झुआ म्हणाली. सवयीने तिने सुईत दोरा ओवून टोकाला गाठ मारली, तेव्हा सासूने काही न बोलता ती गाठ कातरून टाकली. "गाठ नको गं. त्याची वाट अडेल," असे तिने हलक्या आवाजात सांगितले. जाणाऱ्याचे कपडे आमच्याकडे बिनगाठीच्या दोऱ्याने शिवतात, इथल्या कशातही त्याने अडकून पडू नये म्हणून. झुआने ती बाही बिनगाठीने शिवली… आणि त्या दिवसापासून वाखाचे कापड दिसले की ती तोंड फिरवी.

आता तेच कापड, त्याच दोन रेघा, तिच्या जिवंत पोरीच्या अंगावर! आणि तेही चोरून! पिशवीवर म्हातारीने जुन्या निळ्या घागऱ्याच्या कापडाचे आवरण चढवले होते. रात्री पोरीने ओले केले म्हणून ते काढून चुलीवर वाळत टाकले होते, त्यामुळे आतले उघडे पडले. झुआच्या जागी कोणतीही आई असती तरी तिच्या काळजाचे पाणी झाले असते. पूर्वजांनी तो काठ पाहिला, पोरीला आपली समजून हाक मारली, तर?

ब्लियाकडे उत्तर नव्हते असे नाही. पण मूल समोर असताना मरणाचे नाव काढायचे नाही, हे तिच्या हाडामासात भिनलेले. आमच्याकडे तर देखण्या पोराला देखणे म्हणण्याचीही चोरी. कोणी न दिसणाऱ्याने ऐकून लोभ धरू नये म्हणून ब्लिया पाकूला गावभर 'डुकराचं पिल्लू' म्हणत मिरवी. जिभेला हाड नसलेली ती बाई, कोणाचे उत्तर बाकी ठेवत नसे, ती त्या सकाळी ओठ मिटून बसली. आणि खरे सांगायचे तर तिला रागही आला होता. सहा वर्षे एका चुलीवर जेवून हिने मला एवढेच ओळखले?

"आजपासून पाकू माझ्याजवळ झोपेल," झुआ म्हणाली. "तुम्ही तिला हात लावू नका, आई."

हे वाक्य म्हातारीच्या जिव्हारी लागले. पाकूचे अंगावरचे दूध सुटले तेव्हापासून ती आजीच्या कुशीत झोपत होती. वीस महिन्यांची ती पोर झोपेत घोड्यासारख्या लाथा झाडी, रजई कधी पायाशी, कधी पलंगाखाली. बाजारातले लोकरीसारखे दिसणारे नायलॉनचे पांघरूण आणले, तर त्यात ती आधी घामाने भिजे आणि मग त्याच घामाने गारठे. शिवाय चुलीची एक ठिणगी उडाली आणि त्याला मुठीएवढे भोक पडले. खाली खिंडीतल्या दवाखान्यातल्या मो नर्सने ब्लियाला नीट समजावले होते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही, पोराच्या अंगावर रजयांचा ढीग घालायचा नाही, तोंडावर काही येऊ द्यायचे नाही, आणि हातपाय गार लागले म्हणून घाबरायचे नाही, मानेला मागून हात लावून बघायचे. कोणाचे म्हणून न ऐकणाऱ्या ब्लियाने हे सगळे अक्षरशः पाळले. रात्रीतून सात-आठ वेळा ती उठे, मानेला हात लावी, पांघरूण सारखे करी.

पण वय कोणाला चुकले आहे! या हिवाळ्यात एका रात्री तिचा डोळा लागला तो थेट कोंबडा आरवल्यावर उघडला. पाकू उघडी पडली होती आणि तिची मान गार होती. पोर उठली, हसली, तिला काही झाले नाही. ब्लियाने मात्र दुपारपर्यंत तिला कडेवरून खाली ठेवले नाही. त्याच दिवशी तिने पेटी उघडली. घरात दुसरा वाख नव्हता, चार वर्षांत कोणी पेरलाच नव्हता. झुआ चाऱ्याला गेली की ती शिवायला बसे. दोन थर, मध्ये जुन्या रजईचा पिंजलेला कापूस, खालून शिवून टाकलेली, हात बाहेर, खांद्यावर बांधायचे बंद. कितीही लाथा मारा, निघायची नाही. त्यानंतरच्या तीन रात्री आजी आणि नात दोघी सकाळपर्यंत गाढ झोपल्या.

झुआने पोरीला आपल्या खोलीत नेले. नवरा तेंग घाटापलीकडे रस्त्याच्या कामावर, नव्या वर्षाच्या सणालाच यायचा. सगळा भार तिच्यावर. दिवसभर पोरीला पाठीला बांधून ती चारा आणी, डुकरांचे शिजवी, दळण दळी, आणि अंथरुणाला पाठ टेकताच मेल्यासारखी झोपे. पांघरूण कधी सरकले हे तिला कळतही नसे. दिवसभर पोर तिच्या पाठीवर, त्यामुळे म्हातारीला तिला एकटीला गाठून दोन शब्द बोलायचीही सोय नव्हती. दोघी एकाच पातेल्यातला मक्याचा भात आणि पाल्याचे कालवण खात होत्या, आणि 'मीठ द्या', 'पाणी घ्या' याच्या पलीकडे बोलत नव्हत्या. पाकू मात्र दोन्ही हात पसरून आजीकडे झेपावे. ब्लिया उठून डुकरांकडे निघून जाई.

तिसऱ्या रात्री झुआच्या खोलीच्या पडद्यामागून पाकूचा खोकला ऐकू आला. कोरडा, आखूड. ब्लिया चुलीशी उठून बसली आणि खोकले मोजू लागली. पडद्यापर्यंत ती दोनदा गेली, हात वर केला आणि खाली घेतला. हात लावू नका, असे सांगितले होते ना… तिसऱ्यांदा मात्र तिच्याने राहवले नाही. "झुआ, पोरीच्या मानेला हात लावून बघ," असे तिने बाहेरूनच सांगितले. झुआ जागी झाली, तिने हात लावला. मान बर्फासारखी होती. तिने पोरीला सदऱ्याच्या आत पोटाशी धरले आणि सकाळपर्यंत तशीच बसून राहिली.

उजाडताच ती पाकूला पाठीला बांधून निसरड्या वाटेने दवाखान्यात उतरली. मोने छाती ऐकली, औषध दिले. अजून छातीत उतरलेले नाही, म्हणाली, पण हे चार दिवस रात्रीचे जपायचे. मग तिने विचारले, "अगं, ती पिशवी कुठाय? तुझ्या सासूबाई मला माप विचारायला आल्या होत्या. गळा किती ठेवू, पोर आत घसरणार नाही ना, हजार प्रश्न. मी म्हटलं, आजी, तुम्हीच नर्स व्हा."

झुआने पोरीला पुन्हा पाठीला बांधले. परतीच्या चढावर सासूचे ते हजार प्रश्न तिच्या मनात घोळत होते.

संध्याकाळी तिने पाकूला औषध पाजून निजवले आणि टोपल्यांमागे हात घातला. पिशवी तिथेच होती, पण धुतलेली, चुलीवर शेकून घडी केलेली. ती उसवायची, आतला कापूस दुसऱ्या कापडात भरायचा आणि हे कापड पेटीत परत ठेवून द्यायचे, म्हणजे त्याचा पोरीशी संबंध तुटला, असे झुआने ठरवले होते. त्यासाठी कात्रीही लागणार नव्हती. बिनगाठीची शिवण टोक धरून ओढली की सरसर निघून येते, हे तिला त्या बाहीमुळे पक्के ठाऊक होते.

तिने टोक शोधले आणि ओढले. दोरा हलला नाही.

तिने दिव्याजवळ नेऊन पाहिले. टोकाला गाठ होती. बोटभर पुढे दुसरी गाठ. मग तिसरी. खालच्या शिवणीला, कडेच्या शिवणीला, गळ्याभोवती, दोन्ही बंदांच्या मुळाशी, म्हाताऱ्या डोळ्यांनी वाकड्यातिकड्या मारलेल्या, पण दुहेरी ओढून घट्ट केलेल्या गाठी… झुआने चाळीसपर्यंत मोजल्या आणि पुढे तिला दिसेना. जाण्यासाठी शिवलेले ते कापड नव्हतेच. ही पोर इथेच राहावी, कुठेही जाऊ नये, म्हणून कोणीतरी बोटाबोटावर तिला बांधून ठेवले होते!

तिने निजलेल्या पाकूला हळूच पिशवीत घातले, खांद्यावरचे बंद बांधले, मानेला मागून हात लावून पाहिला. मग ती पडदा सारून बाहेर आली आणि चुलीशी सासूच्या शेजारी जमिनीवर बसली.

"आई, पेटीत आता काय उरलंय?"

ब्लियाने पडद्याकडे पाहिले. पोर झोपली आहे, ऐकत नाही, याची खात्री केली. "कमरेचा पट्टा आहे. बाकी सगळं पिल्लूला लागलं. दोन थर घ्यावे लागले ना."

"मग तुमचं कसं?"

"माझं काय? मला तिथं थोडीच थंडी वाजणार आहे?"

"असं नका बोलू. तिकडचे तुम्हाला ओळखणार कसे?"

म्हातारीने लाकूड जरा मागे ओढले. नवऱ्याच्या दारातून परत फिरावे लागेल, या भीतीने शिवता शिवता तिची सुई कितीदा थांबली होती, ते तिने कधीच कोणाला सांगितले नाही. "तुझा सासरा मला खोकल्यावरून ओळखेल," ती म्हणाली. "तीस वर्षं ऐकलाय त्याने."

झुआला हसू आले आणि त्या हसण्यातच तिचा बांध फुटला. तिने सासूच्या मांडीवर डोके टेकले. "मी तुम्हाला काय काय समजले, आई… तुम्ही एका शब्दाने सांगितलं का नाही?"

"पोर तुझ्या कडेवर होती. तिच्यादेखत कसं तोंड उघडू? आणि नंतर मलाही राग आला होता." ब्लियाने सुनेच्या केसांतली गवताची काडी काढून आगीत टाकली. "तू त्या पोराची आई होतीस ना गं. तुला भीती वाटणारच. ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं."

त्या रात्रीपासून पाकू पुन्हा आजीच्या कुशीत गेली. मधल्या वेळी झुआ उठून तिच्या मानेला हात लावून जाई, जमले तर म्हातारीच्या मानेलाही.

वसंतात झुआने घरामागच्या वाफ्यात वाख पेरला. तिला त्यातले ओ की ठो येत नव्हते. साल सोलताना धागे तुटत, जोडताना सुटत. बाजाराला जाताना हातात वाखाचा गुंडा घेऊन चालत चालत धागा जोडणारी ती वस्तीतली एकटीच तरुण बाई, म्हणून बाकीच्या तिला 'नवी म्हातारी' म्हणून चिडवत. ब्लिया तर तिचे सूत पाहून कपाळाला हात लावी. या दोराने बैल बांध, म्हणे. तरी उसवायला लावून पुन्हा शिकवी. कापड मागावरून उतरले तेव्हा दुसरा हिवाळा आला होता. ते जाडेभरडे होते, पण वाखाचे होते, आणि काठाला निळीच्या दोन बारीक रेघा होत्या.

झुआने सदरा शिवून सासूच्या हातात दिला. पाकू अंगणात कोंबड्यांमागे धावत होती, ऐकण्याएवढी जवळ नव्हती. ब्लियाने सदरा उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवत नेला आणि काखेपाशी थांबली.

"अगं वेडे, इथं गाठ राहिलीय. काढ ती. अशाने मला जाता कसं येईल?"

"राहिली नाही," झुआ म्हणाली. "मी मारलीय."

म्हातारीने तिच्याकडे पाहिले. झुआने सदरा तिच्या हातून घेतला, नीट घडी घातली, पेटीत ठेवला आणि झाकण लावले.

"वेळ येईल तेव्हा मी माझ्या हाताने सोडवीन. तोवर राहू दे."